वेदीमागची रोषणाई कमी खर्चात

संपादक महोदय,

नाताळात वसईतल्या चर्चच्या मंचासाठी महागडे दिवे भाड्याने आणायची खरंच गरज नाही. सनबोर्ड (फोमचा हलका, ताठ फलक) भिंतीपासून चार इंच पुढे उभा करून मागच्या कडेला १२ व्होल्टची एलईडी पट्टी लावली, की वेदीमागे मऊ उजेड पसरतो.

मीटरला ६० दिव्यांची, ५०५० प्रकारची (५ मिलिमीटर चौरस दिव्यांची) ५ मीटर पट्टी साधारण ६ अँपिअर ओढते. ५ अँपिअरचा अडॅप्टर तापतो, दिवे लुकलुकतात. अशा एका पट्टीसाठी १० अँपिअरचाच घ्यावा. पट्ट्या एकापुढे एक जोडू नयेत. पट्टीतल्या पातळ तांब्यात व्होल्टेज घटतं आणि शेवटचं टोक मंद पडतं. प्रत्येकीला अडॅप्टरपासून वेगळी वायर द्यावी. मागचा गोंद उष्णतेने सुटतो, म्हणून फुटाफुटावर क्लिप हवी. आणि मेणबत्त्यांजवळ कापडी झालर कृपया नकोच.

– एक वाचक, वसई