शेपूट न कापल्याबद्दल

नागपूरच्या महाल भागातल्या फ्रेमवाल्या भाऊंना सप्रेम नमस्कार.

परवा पैसे दिले, पण आभार मानायचे राहिले. तोंडातून शब्दच फुटत नव्हता.

माझी आई काटोलकडची. चित्रकला कुठे शिकली नाही. सत्तरीत नातवाचे रंग घेऊन कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर आपलं गाव काढू लागली. पऱ्हाटीत कापूस वेचणाऱ्या बाया, संत्र्याची तोड, तोरणाखाली उभे पोळ्याचे बैल. तिची विहीर वरून पाहिल्यासारखी गोल, पाणी भरणाऱ्या बाया मात्र बाजूने. बैल माणसांहून मोठे, कारण घर त्यांच्यावर चालायचं. आणि समास सोडणं तिला ठाऊक नाही. कागद संपला की चित्र संपतं.

तुमच्या आधीच्या दुकानात चित्राभोवतीचा पुठ्ठ्याचा माउंट नीट बसावा म्हणून चारही बाजूंनी दोन-दोन बोटं कापली. त्यात घागर घेतलेली एक बाई गेली. ती बाई म्हणजे माझी मावशी. तुकडा केव्हाच केरात गेला होता.

एका प्रदर्शनवाल्यांना प्रश्न पडला, "ही वारली की गोंड?" लग्नघराच्या भिंतीवर बायकांनी काढायची वारली चित्रं जिव्या सोमा म्हशे लग्नकार्य नसतानाही काढत बसले, म्हणून तर २०११ ची पद्मश्री त्यांच्या दारी आली. पण चित्र ठरलेल्या चौकटीत बसायलाच हवं असं नाही, हे कोणाला सांगायचं?

तुम्ही पट्टी ठेवली आणि थांबलात. कडेच्या बैलाचं शेपूट कागदाच्या टोकाला टेकलेलं. माझ्याकडे नाही, आईकडे पाहून विचारलंत, "माय, हा बैल कोणाचा व्हय?"

"आमचाच. ढवळ्या."

"मंग शेपूट नाही कापत मी."

मागे मोठा पुठ्ठा घालून कागद अख्खाच्या अख्खा बसवलात. आई रिक्षात बसेपर्यंत काही बोलली नाही, नुसती फ्रेमवरून हात फिरवत होती.

कौतुक करणारे पुष्कळ भेटतात, भाऊ. विचारून कात्री लावणारा विरळा.

अमेरिकेतल्या ग्रँडमा मोझेसही शेतावरचं जगणं रंगवायच्या, कुठे न शिकता. १९३८ साली एका संग्राहकाला त्यांची चित्रं दिसली ती औषधाच्या दुकानाच्या काचेत. दुकानदारांचे असे उपकार जुनेच म्हणायचे.

आईने आता तुमचं दुकान काढायला घेतलंय. हातोडी तुमच्याएवढीच झाली आहे. बाहेर लावलेल्या सायकलचं मागचं चाक अगदी कडेला आलंय, तेवढं सांभाळा.