२ नोव्हेंबर दोनदा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत घड्याळं तासभर मागे गेली ही बातमी दरवर्षी आतल्या पानावर चार ओळींत येते आणि आपण वाचून पान उलटतो, पण इथे पुण्यात बसून तिकडचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी ती बातमी खूप मोठी असते, म्हणून हे पत्र.

मी जावास्क्रिप्ट ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम करते. आमचा क्लायंट न्यू जर्सीचा, म्हाताऱ्या माणसांना कुठल्या दिवशी कुठली गोळी द्यायची ते दाखवणारं ॲप. २०२५ च्या नोव्हेंबरात स्क्रीनवर २ तारीख लागोपाठ दोनदा आली, आणि तिथून पुढची प्रत्येक तारीख एक दिवस मागे. ३ तारखेची गोळी दुसऱ्या २ तारखेखाली! तिथल्या नर्सच्या वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं, नाहीतर काय झालं असतं ह्याचा विचारही नको वाटतो.

झालं असं, की पुढची तारीख काढायला कोडमध्ये ८ कोटी ६४ लाख मिलिसेकंद मिळवले होते, म्हणजे बरोब्बर २४ तास. पण तिथे त्या रविवारी पहाटे २ वाजता परत १ वाजतो, दिवस २५ तासांचा होतो, मग रात्री १२ पासून २४ तास मोजले की आपण त्याच तारखेच्या रात्री ११ वर. मार्चमध्ये उलटं, दिवस २३ तासांचा, २४ मिळवले तर दुसऱ्या दिवशीचा १ वाजतो पण तारीख बरोबरच दिसते, त्यामुळे तेव्हा कोणाला कळलंच नाही.

आणि माझ्या लॅपटॉपवर तो बग काही केल्या येईना, कारण आपल्याकडे घड्याळ हलतच नाही (दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काही वर्षं पुढे केलं होतं). रात्री अडीच वाजता कॉलवर आम्ही सगळे "आमच्याकडे तर चालतंय" म्हणत होतो. शेवटी मशीनचा टाइमझोन न्यूयॉर्क केला आणि दोन्ही २ तारखा समोर. फिक्स एका ओळीचा, मिलिसेकंद काढून टाकायचे आणि सेटडेट ही भाषेतली तयार आज्ञा वापरून तारखेतच १ मिळवायचा.

कॉलेजात, क्लासमध्ये डेट (जावास्क्रिप्टमधली तारीख-वेळेची जुनी सोय) शिकवताना हे एकदा तरी करून दाखवा हो, अर्धा तास पुरतो. टेम्पोरल ही तिची नवी सोय आता फायरफॉक्स ब्राउझरमध्ये २०२५ च्या मे पासून आहे, त्यात वेळ नसलेली नुसती तारीख ठेवता येते, पण जुना कोड सगळा डेटवरच चालतोय आणि तो आपणच सांभाळतोय.

आमच्या टेस्टमध्ये आता न्यूयॉर्कचा टाइमझोन लावून ८ मार्च आणि १ नोव्हेंबर २०२६ हे घड्याळ बदलण्याचे दिवस टाकलेत.

आपली,
एक वाचक, पुणे