सूचना : गेल्या हंगामाच्या पावत्या आणा

सर्व सभासद, तांडेलांना (बोटीच्या प्रमुखांना) कळवण्यात येते की, 31 जुलैला मासेमारी बंदी संपण्याआधी, येत्या रविवारी सकाळी 10 वाजता सोसायटीच्या शेडमध्ये बैठक आहे. डिझेल-बर्फाच्या पावत्या, लिलावाच्या पट्ट्या आणाव्यात. भिजलेल्या, फाटक्याही चालतील. मॅनेजमेंट कॉलेजची मुलं त्यावरून फेरीमागे हातात काय उरतं ते मांडतील. बारीक पापलेट विकून नेमकं कुणाचं भलं होतं, तेही कळू दे एकदा!

बारीक मासा सुटावा म्हणून एकट्या बोटीने जाळ्याची आस (जाळ्याच्या छिद्राचा आकार) मोठी करून भागत नाही. तोच मासा शेजारचा उचलतो. सामाईक साठा वापरणारेच नियम ठरवून एकमेकांवर लक्ष ठेवतात तेव्हा तो टिकू शकतो, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉमबाईंना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सगळ्यांनी मिळून आस मोठी करायचा आपला ठराव बैठकीत त्याच धर्तीवर मांडायचा आहे.

हिशेब दाखवायचा संकोच असेल त्यांनी बोटीचं नाव खोडून आणावं.

– सचिव