मॅग्नेटोमीटर सांभाळणाऱ्या मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,

ऑक्साइडच्या पातळ थरांवर काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. नमुना मॅग्नेटोमीटरमध्ये, म्हणजे चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रात, घालण्याआधी "कोरा सबस्ट्रेट (ज्यावर थर चढवतो तो स्फटिक) मोजलाय का?" हे विचारायला तुम्ही कधीच चुकत नाही, आणि आमच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो तो त्यामुळेच.

स्ट्रॉन्शियम टायटनेट (आमचा सबस्ट्रेट) आणि लँथॅनम अॅल्युमिनेट दोन्ही विद्युतरोधक, पण त्यांच्या सांध्यावर वीज वाहते, हे २००४ मध्ये ओहटोमो आणि ह्वांग या संशोधकांनी दाखवलं. २००७ मध्ये तिथे चुंबकीय खुणाही नोंदल्या गेल्या. या खुणा किती पुसट असतात, ते तुम्ही मांडून दिलेल्या हिशेबातून नीट कळतं. ५ बाय ५ मिलिमीटरच्या नमुन्यात सांध्यावरच्या दर युनिट सेलमागे (स्फटिकातल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वात लहान चौकटीमागे) एक बोर मॅग्नेटॉन (साधारण एका इलेक्ट्रॉनइतकं चुंबकत्व) धरला, तरी सगळं मिळून भरतं जेमतेम दीड मायक्रो-ईएमयू (ईएमयू हे चुंबकत्व मोजायचं एकक). तेवढं चुंबकत्व सुमारे सात नॅनोग्रॅम लोखंडातही असतं! स्टीलचा चिमटा स्फटिकाच्या कडेला घासला, किंवा हीटरला चिकटवताना लावलेला सिल्व्हर पेंट मागून ब्लेडने खरवडला, तर एवढं लोखंड सहज लागतं. म्हणूनच तुमच्या टेबलावर फक्त प्लास्टिकचे आणि सिरॅमिकचे चिमटे असतात.

कोरा तुकडा नुसता डब्यातून काढलेला चालत नाही, हा तुमचा आग्रह तर फार मोलाचा. त्याचंही तसंच एचिंग (रसायनाने पृष्ठभाग साफ करणं), तेच तापमान, तोच ऑक्सिजनचा दाब, तसंच थंड करणं. फक्त वर थर चढवायचा नाही. सबस्ट्रेट वरच्या थराच्या लाखभर पट जाड असतो, त्यामुळे त्याची डायमॅग्नेटिक (बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राला किंचित विरोध करणारी) उतरती रेघ वजा केल्यावर जो लूप, म्हणजे चुंबकासारख्या पदार्थाच्या आलेखात दिसणारा बंद फेरा, उरतो तो कोऱ्या तुकड्यातही दिसला, तर सांध्याचं नाव घेऊ नये. १० केल्विनपासून ३०० केल्विनपर्यंत लूप जवळपास बदललाच नाही, तर आधी लोखंडाचा संशय घ्यावा.

विजेच्या मोजमापातही तुमची शिस्त कामी येते. दाब मिलिबारच्या दहा लाखाव्या भागाइतका कमी असेल, तर ऑक्सिजन निघून गेल्याने सबस्ट्रेटच वाहक होतो. मग ऑक्सिजनमध्ये पुन्हा तापवणं आलं. नमुना आदल्या दिवशीपासून अंधारात ठेवावा, कारण प्रकाशाने वाढलेली वाहकता तासन् तास टिकते. आणि हॉलची रेघ (चुंबकीय क्षेत्रात प्रवाहाला आडव्या दिशेने मिळणाऱ्या व्होल्टेजचा आलेख) वाकली म्हणून लगेच चुंबकत्व म्हणायचं नाही, दोन प्रकारचे इलेक्ट्रॉन एकत्र वाहत असले तरी ती वाकते. हे तुम्ही प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला न कंटाळता समजावता, त्याबद्दल विशेष आभार.

आपले कृतज्ञ,
ऑक्साइड थरांचा गट