रंग नंतर मारा, आधी दाराखालचा पत्रा बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांवर पानभर लेख होता, फोटो एक नंबर, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण त्यात एक वाक्य होतं की हौस आणि शनिवार-रविवार हाताशी असले की टपवाली जुनी गाडी घरच्या घरी तीन महिन्यांत नवीकोरी करता येते. मी ते आमच्या हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, तीन महिने नाही, तीन दसरे म्हणायचं असेल त्यांना. आमचे पाच गेले. लेख आल्यापासून दोन ओळखीच्यांचे फोन आले, एकाने तर कुठूनतरी उघडी गाडी बघूनही ठेवलीय, आणि पहिला प्रश्न काय, तर काका रंग कुठला मारलात. म्हणून हे पत्र. जमलं तर छापा, लांबलं तर कापा, पण दाराखालच्या पत्र्याचा भाग तेवढा कापू नका.

आमची गाडी म्हणजे 1950 ची मॉरिस मायनर, दोन दारांची, वर कापडी टप, हेडलाइट खाली जाळीतच बसवलेले, म्हणजे अगदी सुरुवातीच्या मॉडेलची. मामांनी 1962 साली सांगलीच्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली होती. लहानपणी मागच्या सीटवर आम्ही पाच पोरं कोंबलेली असायचो आणि टप खाली असला की रंकाळ्याला चक्कर झाल्याशिवाय घरी यायचं नाही असा नियमच. पण मी स्वतः आयुष्यभर बँकेत काढलं, पान्याशी संबंध सायकलच्या चेनीपुरता. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा गाडी मामांच्या घरामागच्या शेडमध्ये उभी होती, सीटच्या वर दोन वीत पाणी आणि ते चार-पाच दिवस हललं नाही. पाणी उतरल्यावर मामा म्हणाले भंगारवाल्याला बोलव. बोलावला. त्याने एक फेरी मारून 11 हजार सांगितले आणि मला एकदम राग आला, कुणाचा ते अजून कळलेलं नाही, मी म्हटलं राहू दे, मी नेतो. डिसेंबरात ती टो करून राजारामपुरीत आमच्या पार्किंगमध्ये आणली आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. मग काय, मी आणि ती, समोरासमोर.

आता मुद्द्यावर येतो. उघडी गाडी आणि बंद गाडी यात फरक फक्त छपराचा आहे असं वाटतं ना, तिथेच सगळी गफलत आहे. या गाडीला जीपसारखी खाली वेगळी चेसी, म्हणजे भार पेलणारी लोखंडी चौकट, नाही, ॲम्बेसेडरसारखी बॉडी हीच चेसी. बंद गाडीत तळ, खांब आणि छप्पर मिळून एक डबा होतो आणि तो डबाच सगळा भार घेतो. बुटाच्या खोक्याचं झाकण काढून ते दोन टोकांना धरून उचलून बघा, मधे लगेच वाकतं. तसंच इथे. म्हणून कंपनीने टपवाल्या मॉडेलला डॅशबोर्डच्या खाली आणि दाराच्या खांबांना जादा पत्रा घालून मजबुती दिली होती, आणि तरीही खरा भार असतो तो दाराखालच्या पोकळ पत्र्यावर, ज्याला सिल म्हणतात. बाहेरून बघितलं तर पाय ठेवायची पट्टी. आतून बघितलं तर गाडीचा कणा. आणि गंज पहिला लागतो तो तिथेच, कारण पाणी शिरायला वाट आहे आणि पाणी जायची भोकं गाळाने बुजलेली असतात.

माझी डावी सिल बाहेरून ठीक दिसत होती. फ्रिजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून फिरवलं तर दोन फुटांत कुठे चिकटेचना. म्हणजे कुणीतरी कधीतरी तिथे लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरून वर रंग मारून दिला होता, आणि लांबी म्हणजे निव्वळ लांबी, बोटभर जाड. मी ग्राइंडर घेतला. व्हिडिओ बघितले होते, गॉगल होता, हातमोजे होते, आत्मविश्वास तर विचारू नका. गाडी पुढे-मागे चार स्टँडवर घेतली, दार सोयीसाठी काढून ठेवलं आणि सिल या टोकापासून त्या टोकापर्यंत कापली. आतून सुकलेला गाळ पडला, अक्षरशः विटेसारखा, त्यात भाताची टरफलं चिकटलेली, पुराचं पाणी कुठल्या शेतातून आलं होतं कोण जाणे. तो गाळ हातात घेऊन बघत बसलो होतो आणि मागे कट्ट असा आवाज आला. एकदाच. मी म्हटलं स्टँड सरकला असेल.

संध्याकाळी दार परत लावायला गेलो तर लागेना. वरच्या बाजूला दार आणि खांबात आधी पाच रुपयाचं नाणं आरामात जायचं, आता कागद जाईना, आणि खाली मात्र बोट जाईल एवढी फट. कोपऱ्यावरचा फॅब्रिकेशनवाला पोरगा आला, लांबून बघितलं आणि म्हणाला, काका, गाडी हसायला लागली की. खरंच, दोन्ही टोकं वर आणि पोट खाली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, उगाच सांगत नाही.

वाचली ती त्या पोरामुळे. त्याने दीड इंची अँगल आणला, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत दाराच्या जागेत एक वर एक खाली असे दोन आडवे टाकले, मधे फुली मारली, दोन्ही बाजूंना तसंच. पण ते वेल्ड करायच्या आधी मधोमध फळी घालून जॅकने तळ इंच-इंच नाही, केस-केस उचलला, दर वेळी दार लावून फट बघायची, परत काढायचं, परत उचलायचं. दोन दिवस यातच गेले. फट वर-खाली सारखी झाली तेव्हा तो अँगलचा सांगाडा वेल्डिंगचे टाके मारून पक्का केला आणि मगच नवा पत्रा. म्हणजे जे सगळ्यात आधी करायचं ते मी सगळ्यात शेवटी केलं. तर ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी: आधी सांगाडा, मग ग्राइंडर. एका वेळी एकच बाजू. कधीच दोन्ही नाही. सलग वेल्ड करायचं नाही, पत्रा तापून ओढतो, इथे एक टाका तिथे एक टाका आणि मधे दार लावून बघायचं. पाणी जायची भोकं ठेवायची आणि काम झाल्यावर पोकळीत गंजरोधक वॅक्स मारायचं, ते नाही मारलं तर दहा वर्षांनी परत हेच.

अजून एक, उघडी गाडी विकत घेणाऱ्यांनी डॅशबोर्डखाली डोकं घालून ती जादा मजबुती आहे का बघा. बंद मायनरचं छप्पर कापून टपवाली म्हणून विकणारे आहेत. फोटोत कळत नाही.

ब्रेकबद्दल लेखात एक ओळ नव्हती याचं मला जास्त वाईट वाटलं. पेडल दाबलं की चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारा मास्टर सिलेंडर या गाडीत बॉनेटखाली नसतो, तो ड्रायव्हरच्या पायाखाली, कार्पेट उचललं की तळातल्या भोकातून दिसतो. पुरात तो गाळात बुडाला होता. आत गंजाचे खड्डे, नवीन रबर घातलं तरी गळणारच. तो आणि चाकांचे सिलेंडर उद्यमनगरात एका लेथवाल्याने बोअर करून, म्हणजे आतून तासून, आत स्टीलची नळी (स्लीव्ह) बसवून दिली. आणि पुढच्या चाकाचा ट्रनियन, म्हणजे ज्या आट्यांवर चाक वळतं तो भाग, त्याला वेळच्या वेळी ग्रीस नसेल तर आटे झिजतात आणि एक दिवस चाक आत दुमडून गाडी नाकावर बसते. मायनरचं हे जगजाहीर दुखणं आहे. रंग चकचकीत आणि ट्रनियन कोरडा अशी गाडी मी पोराबाळांना घेऊन चालवणार नाही.

गमतीही झाल्या. डेंटरकडे बॉनेट दिलं तर तो म्हणाला, साहेब मधली ही पट्टी कुणीतरी चुकीची उठवलीय, सपाट करून देतो. मी धावत गेलो. ती चूक नाही, इतिहास आहे. मायनरचा डिझायनर इसिगोनिस साहेब, ज्याने पुढे मिनी गाडी काढली तोच, त्याला मायनर जवळजवळ तयार झाल्यावर ती फार अरुंद वाटली, तर त्याने नमुन्याची गाडी उभी मधोमध कापायला लावली, दोन अर्धुकं लांब सरकवून बघितली आणि चार इंच वाढवून 1948 मध्ये ती बाजारात आली. बॉनेटवरची पट्टी त्या वाढीव चार इंचांची. सुरुवातीचे बंपर आधीच तयार होते म्हणून ते सुद्धा मधे कापून तुकडा जोडून वापरले. मी हे सगळं सांगितल्यावर डेंटर म्हणाला, म्हणजे कंपनीतच कापाकापी झाली होती, मग तुम्ही एवढं का घाबरलात.

पार्टचं म्हणाल तर अर्धे इंग्लंडहून मागवले, कस्टमसकट, आकडा आमच्या हिला अजून माहीत नाही आणि ती आपला पेपर वाचते म्हणून इथेही लिहीत नाही. तिकडे या गाडीचं जवळपास सगळं नवीन मिळतं. श्रीलंकेत 90 च्या दशकात मायनरचे पत्र्याचे पार्ट बनवून इंग्लंडला पाठवायचा धंदाच निघाला होता. श्रीलंकेला जमतं ते जिथे अख्खं शेती-पंपाचं इंजिन उभं करतात त्या आपल्या उद्यमनगरला का जमू नये हा माझा भाबडा प्रश्न. एक सिल दिली तर दहा करून देतो म्हणाला तो पोरगा, पण दहा घेणार कोण. टप मात्र इथेच झाला, रिक्षाचे टप शिवणाऱ्या कुशनवाल्याने जुन्या फाटक्या टपाची शिवण उसवून त्यावरून कापड बेतलं. पहिल्या पावसात मागच्या काचेपाशी गळला, दुसऱ्यांदा शिवला, आता थेंब नाही.

आता सरकारी भाग. 2021 च्या जुलैत केंद्राने 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. नवीन नोंदणीला 20 हजार, पुनर्नोंदणीला 5 हजार, आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर राहतो आणि नवीन असेल तर व्ही ए अक्षरांची मालिका. चांगलं आहे. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल करणारी मोठी उलथापालथ झालेली नको. माझा प्रश्न साधा आहे. गंजलेली सिल कापून त्याच मापाची, त्याच जाडीची नवीन घातली तर तो बदल की दुरुस्ती? ज्या गाडीत बॉडी हीच चेसी तिथे तर दोन्ही एकदमच आलं. मी चौकशी केली तर एका टेबलावर म्हणाले काही अडचण नाही, दुसऱ्यावर म्हणाले पावत्या दाखवू नका. हे दुसरं ऐकून मला बँकेतली 33 वर्षं आठवली. लोक दुरुस्ती लपवायला लागले की परत लांबीच भरणार आणि वर रंग मारणार, आणि ती गाडी मिरवणुकीत चालणार. आपल्या वार्ताहराने परिवहन खात्याकडून याचं एक लेखी उत्तर आणून छापलं तर फार उपयोग होईल.

दुसरं म्हणजे या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढंच. मान्य. गेल्या महिन्यात मी देखभाल म्हणून पन्हाळ्याला गेलो होतो. या इंजिनाला पाण्याचा पंपच नाही, गरम पाणी आपोआप वर आणि गार खाली एवढ्यावरच रेडिएटर चालतो, त्यामुळे घाटात ती दमते का हे बघणं ही तांत्रिक गरज होती. वाघबीळ सोडल्यावर वाफ निघाली. बाजूला घेतली, टप खाली केला आणि मामा, वय 88, पुढच्या सीटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत होते. इंजिन गार व्हायला वीस मिनिटं लागली. मामांनी सगळ्यांना सांगितलं की गाडी मुद्दाम थांबवलीय.

दरवर्षी दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी निघते तेव्हा आपल्याकडे फोटो येतो, यायलाच हवा. पण सगळ्या जुन्या गाड्या राजवाड्यातल्या नसतात. काही बँकेतल्या क्लार्कच्या पार्किंगमध्येही असतात, म्हणून कसं करायचं आणि कसं नाही हे जरा खोलात जाऊन लिहावं ही विनंती.

तो अँगलचा सांगाडा आमच्या गच्चीवर पडून आहे. दोन दारांच्या मायनरला थेट बसेल, दुसऱ्या गाडीला थोडं कापून-जोडून चालेल. कुणाला हवा असेल तर आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा, मी आणून देईन, पैसे नकोत. मात्र लवकर कळवावं, कारण आमच्या हिने त्यावर पापड वाळत घालायला सुरुवात केलीय.

आपला,
एक जुना वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर