खिडकी उघडी ठेवून

नागपूर, मे महिना

प्रिय दिनू,

परवा फोनवर तू म्हणालास, "मी तिचं एवढं करतो, तरी पोरगी चार दिवस फोन उचलत नाही." तेव्हा मला बोलायला काही सुचलं नाही. आज माझ्याच घरातलं सांगतो.

बाबांना एप्रिलमध्ये काटोलहून इथे धरमपेठेत माझ्याकडे आणलं, हे तुला ठाऊक आहे. एकटा म्हातारा माणूस, त्यात 45 अंशांचं ऊन. नवा कूलर घेतला, मऊ गादी घातली, भाकरीऐवजी ओट्स सुरू केले, दोन वेळा रक्तदाब मोजायला लागलो. पंधरा दिवसांत बाबा सुकले. जेवण निम्म्यावर आलं. विचारलं की "बरं आहे," एवढंच. मी चिडलो रे. "आणखी काय करू?" असं तोंडावर बोललो. ते अजून सलतं.

त्याच दिवसांत च्वांग त्झू हा प्राचीन चिनी विचारवंत वाचत होतो. ताओ म्हणजे निसर्गाच्या ओघाने जाण्याचा विचार; त्यात लाओ त्झूनंतर याचंच नाव घेतात. त्याच्यात एक गोष्ट आहे. लू राज्याच्या राजधानीबाहेर एक समुद्रपक्षी उतरतो. राजा हरखतो, त्याला पूर्वजांच्या मंदिरात आणतो, मद्य पाजतो, दरबारी संगीत ऐकवतो, त्याच्यासाठी बैल कापतो. पक्षी भेदरतो. मांसाचा तुकडा खात नाही, पेल्याला चोच लावत नाही. तिसऱ्या दिवशी मरतो. राजाने त्याला स्वतःसारखं जपलं, पक्ष्यासारखं नाही. मी पुस्तक मिटलं, पुढे वाचवेना.

त्या रात्री गारवा बाहेर जाऊ नये म्हणून मी खिडक्या घट्ट लावल्या होत्या. बाबा उठून बसले. "अबे, खिडकी उघड ना. हवेले जायाले जागा नाही, तं गारवा कुठून येईन?" कोंडलेल्या खोलीत कूलर नुसती उमस करतो, हे नागपुरात मी तुला काय सांगू! पण लाओ त्झूच्या 'ताओ ते चिंग' या पुस्तकाचा अकरावा अध्याय मला तेव्हा खरा कळला. चाकाच्या तीस आऱ्या मधल्या पोकळीमुळे कामाच्या, मडकं आतल्या रिकामपणामुळे, खोली दारं-खिडक्यांमुळे. बाबांनी लाओ त्झूचं नावही ऐकलेलं नाही.

ताओ विचारातल्या 'वू-वेई'चं भाषांतर 'काही न करणे' असं करतात, ते मला अपुरं वाटतं. गोळ्या मी आजही देतो. ओट्स बंद केले. संध्याकाळी नुसता शेजारी बसतो, विचारत काही नाही. चौथ्या दिवशी बाबा आपणहून बोलले. मृग बहर, म्हणजे पहिल्या पावसावर येणारी फुलं, त्यासाठी काटोलच्या संत्र्याच्या बागेचं पाणी तोडलंय, बाग ताणावर आहे, आणि झाडं किती सुकली हे बघायला ते तिथे नाहीत. महिनाभर मनात हेच. मी मात्र रक्तदाब मोजत होतो.

दिनू, तू लेकीला दिवसातून तीनदा फोन करतोस. पोचलीस का, जेवलीस का. तुझी माया मला दिसते. पण चार दिवस थांबून बघ. गढूळ पाणी स्थिर राहू दिलं की हळूहळू निवळतं, हे 'ताओ ते चिंग'च्याच पंधराव्या अध्यायात आहे. आपल्या आजीच्या रांजणातही होतंच.

शनिवारी बाबांना घेऊन काटोलला जातोय. मृगाचा पाऊस येईपर्यंत ते तिथेच राहणार. तूही ये, बागेत बसू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधाकर