मा. पर्यटनमंत्र्यांस खुले पत्र : हत्तरसंग-कुडलहून (जि. सोलापूर)

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

या रविवारी शाळेची एक सहल आमच्या कुडलच्या देवळातून आल्या पावली परत गेली. फाट्यावर पाटी नाही म्हणून बस आधी भलत्याच गावात शिरली. देवळाशी उतरल्यावर मुलींसाठी स्वच्छतागृह नाही. बाईंनी मला विचारलं, मी मान खाली घातली. एरवी येणाऱ्या बायकांना माझी बायको आमच्या घरी नेते, त्यासाठी हंड्याने पाणी भरते. तिची कंबर त्यात गेली. पण बसभर पोरी ती कुठे नेणार?

निवडणुकीआधी एका साहेबांनी याच आवारात, गळ्यात आमचाच हार घालून सांगितलं होतं : सहा महिन्यांत पाटी, पाणी, स्वच्छतागृह, रस्ता. त्या शब्दावर मी कर्ज काढून चहा-भज्यांचं हॉटेल टाकलं. साहेब पुन्हा फिरकले नाहीत, हप्ता मात्र चुकत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या पुरात तूर गेली. पोरीची कॉलेजची फी तेव्हापासून थकली आहे.

कुडल म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी सांगितलं आहे का? सीना इथे भीमेला मिळते. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी लेख आहे : ‘वाछि तो विजेया होईवा’. जो वाचेल तो विजयी होईल. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी हा एक. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी शिलालेखांपायी आयुष्य वेचलं, म्हणून तो जगापुढे आला. शेजारच्या देवळात ३५९ मुखांचं शिवलिंग आहे; बघणारा मोजता मोजता थकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्हीही इथे नारळ फोडला. वाटलं, आता तरी कुणी येईल. कुणी आलं नाही.

आणि हे एकट्या कुडलचं दुखणं नाही. माचणूरला भीमेकाठी औरंगजेबाच्या काळातला किल्ला आहे. करमाळ्याला कमलाभवानीपाशी ९६ पायऱ्यांची विहीर आहे. नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे. आषाढीला पंढरपुरात लाखो माणूस येतं, त्यातल्या शंभरांना तरी हे कुणी सांगतं का? तुमच्या लेखी सोलापूर जिल्हा पंढरपूर आणि अक्कलकोटला संपतो. बाकी गावांत फक्त मतदार राहतात. अर्ज घेऊन गेलं की एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं, दुसरं जिल्ह्याकडे, जिल्हा मुंबईकडे. भूमिपूजनाला मंडप मिळतो, देखभालीला माणूस मिळत नाही. ही सगळी व्यवस्थाच आमच्यासारख्यांना दमवण्यासाठी उभी केली आहे, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

मला आता आश्वासन नको. फाट्यावरची पाटी आणि मुलींचं स्वच्छतागृह कोणत्या तारखेला होणार, आणि ते काम कोणत्या अधिकाऱ्याच्या नावावर आहे, हे लेखी कळवा.

आपला,
कुडल संगमावरचा एक हॉटेलवाला